यादी आणि साक्ष

वर्ष उलटलें कीं आमच्या सोलापुरांतील कांहीं मंडळी एक नवी वही उघडतात. ती जमाखर्चाची नसते आणि रोजनिशीचीही नसते. वर्षभरांत आपल्या डोळ्यांना जे रानचे पशुपक्षी दिसतील त्यांचीं नांवें क्रमानें लिहावयाचीं, डिसेंबरअखेर त्यांची बेरीज करावयाची, आणि ती गतवर्षाच्या बेरजेशीं ताडून पाहावयाची, एवढाच त्या वहीचा हेतु. पहिल्या पानावर साळुंकी, खार, मुंगूस अशीं घराजवळचीं नांवें येतात. होटगीच्या किंवा हिप्परग्याच्या तलावावर एक सकाळ घालविली कीं पाणपक्ष्यांनीं पान भरतें. आणि नान्नजच्या माळावर फेरी झाली म्हणजे काळवीट, लांडगा, खोकड यांची वर्णी लागते. मीही अशी वही गेलीं तीस वर्षें ठेवीत आलों आहें.

पत्रें, रोजनिशा, प्रवासवर्णनें यांची चिकित्सा आमच्या टीकाकारांनीं पुष्कळ केली. यादीकडे मात्र लेखन या दृष्टीनें फारसें कोणीं पाहिलें नाहीं. तें एका परीनें स्वाभाविक आहे. यादींत क्रियापद नाहीं, विशेषण नाहीं, लिहिणाराचा स्वभाव उमटावा अशी एकही जागा नाहीं, असें वरवर पाहणारास वाटतें. पण काय लिहावें आणि काय गाळावें हा निर्णय जेथें आहे, तेथें लेखन आहे. आणि जेथें लेखन आहे, तेथें गुणदोषांची चर्चा करण्यास हरकत नसावी. चांगली यादी कोणती आणि वाईट कोणती, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

या प्रकाराची वंशावळ शोधूं गेल्यास मूळपुरुष बंदूकधारी निघतात. बादशहा जहांगीर यानें आपल्या आत्मवृत्तांत एक हिशेब दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समक्ष किती जनावरें मारलीं गेलीं, याची त्यानें मोजदाद करविली. ती २८,५३२ भरली. त्यांपैकीं १७,१६७ त्यानें स्वतः मारलेलीं होतीं. चतुष्पाद ३,२०३ आणि पक्षी १३,९६४ अशी त्यांची फोडही त्यानें दिली आहे. याच ग्रंथांत सारसांच्या एका जोडीविषयीं तो लिहितो, नरमादी अंडीं उबविण्याची पाळी कशी वांटून घेतात तें सांगतो, तेव्हां त्याच्या बारीक नजरेचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. लेखक एकच, विषयही रानाचाच. परंतु सारसांचें वर्णन आजही जिवंत आहे आणि ती मोजदाद निर्जीव आहे. कारण मोजदादींत प्राणी नाहींत, बादशहाच आहे.

दुसरें उदाहरण आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतलें. रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १८०९ ते १८२९ या काळांत अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. माळढोकाची मादी बहुधा एका हंगामांत एकच अंडें घालते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यानें अंगावर कांटा येतो. परंतु टीकाकारानें येथें थोडें थांबलें पाहिजे. दख्खनच्या माळांवर एके काळीं माळढोक किती विपुल होता, हें आज आपण कशाच्या आधारें सांगतों? त्या काळच्या गुराख्यांनीं आणि शेतकऱ्यांनीं तो रोज पाहिला असेल. पण त्यांनीं लिहून ठेवलें नाहीं. लिहून राहिला तो शिकाऱ्याचा आंकडा. मॅन्सफील्डची नोंद हा त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे, आणि त्या पक्ष्याच्या बाजूची ती एक मोठी साक्षही आहे. यादी लिहिणाराचा हेतु आणि तिचा उपयोग या दोन गोष्टी किती भिन्न असूं शकतात, तें यावरून कळावें.

बंदुकीची यादी डोळ्यांच्या हातीं कशी आली, तेंही पाहण्यासारखें आहे. नाताळांत दोन तट पाडून शिकारीस जावयाचें आणि जो तट अधिक जीव मारून आणील त्याचा जय मानावयाचा, अशी चाल अमेरिकेंत होती. १९०० सालीं फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें सुचविलें कीं त्या दिवशीं पक्षी मारूं नयेत, मोजावे. पहिल्या वर्षीं २७ माणसांनीं २५ ठिकाणीं मोजणी केली, आणि तो उपक्रम आजतागायत चालूं आहे. आमच्या वह्याही त्याच कुळांतल्या. बंदूक गेली आणि वही राहिली, हा मानवी स्वभावांतील लहानसा विजयच म्हटला पाहिजे.

पण विजय पुरता झालेला नाहीं. शिकाऱ्याची संख्येची हांव वहींत तशीच उतरली आहे. दोन पक्षिमित्र भेटले कीं पहिला प्रश्न ‘यंदा किती झाले?’ हा असतो. ‘यंदा काय पाहिलें?’ हा नसतो. डिसेंबर २०२४ मध्यें येडशीच्या रामलिंगघाट अभयारण्यांत वाघ असल्याचें छायाचित्रांवरून सिद्ध झालें. विदर्भांतील टिपेश्वरच्या रानांतून शेंकडों मैलांची मजल मारून तो आला होता, आणि आमच्या बार्शी तालुक्याच्या बाजूसही तो वावरला. या पाहुण्याची वार्ता आनंदाचीच होती. पण ती कानीं पडतांच कित्येकांच्या मनांत पहिला विचार आला तो यादी एकानें वाढण्याचा. माझ्याही मनांत तो आला, हें कबूल केलें पाहिजे.

या वृत्तीचा खरा दोष हांवरेपणा नव्हे. तो क्षम्य आहे. खरा दोष असा कीं केवळ दिसलेल्यांची बेरीज ही हानि लपविते. समजा, एखाद्या वर्षीं वाघ आला आणि माळढोक गेला. बेरीज तीच राहिली! वहीवाला समाधानानें वही मिटतो, आणि ज्या पक्ष्यासाठीं सोलापूरचें नांव जगांतील पक्षिशास्त्रज्ञांना ठाऊक झालें, तो निघून गेल्याची खूण त्या वहींत कोठेंही उरत नाहीं.

माळढोकाची ही कथा आमच्या गांवची आहे. नान्नजच्या माळावर तो आहे, इकडे १९७० नंतरच्या दशकांत ज्यांनीं चिकाटीनें लक्ष वेधलें, त्यांत सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र कागदोपत्रीं ८,४९६ चौरस किलोमीटर होतें. पुढें तें आक्रसून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटर झालें. माळ नांगराखालीं गेले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचें नीट दिसत नाहीं आणि अंगानें तो जड, त्यामुळें उडतांना तार चुकविणें त्याला जमत नाहीं. अलीकडील मोजण्यांत नान्नजचा आंकडा एखाद-दुसऱ्यापलीकडे गेलेला नाहीं. नराच्या घुमणाऱ्या आवाजावरून ज्याला महाराष्ट्रांत कांहीं ठिकाणीं ‘हूम’ म्हणत, त्याचा आवाज न ऐकतांच आमच्या शहरांत एक पिढी वाढली आहे.

येथें मला स्वतःच्या वहीची साक्ष काढणें प्राप्त आहे. विद्यार्थिदशेंत मित्रांबरोबर सायकलीवरून नान्नजला गेलों असतां गवतावर मान काढून संथपणें चालणारा नर मीं प्रथम पाहिला. पुढें वही सुरू केल्यावर तें नांव बहुतेक वर्षीं तींत येत गेलें; २००९ नंतर आलें नाहीं. २०१४ च्या डिसेंबरांत एका संध्याकाळीं दूर बांधापलीकडे कांहींतरी उंच, फिकट असें हललें. बरोबरचे स्नेही म्हणाले, ‘तोच!’ मी दुर्बीण लावीपर्यंत तें दिसेनासें झालें. घरीं येऊन मीं वहींत ‘माळढोक, १’ असें लिहिलें. त्या वर्षाची बेरीज आदल्या वर्षाहून बरोबर एकानें अधिक भरली. पुढील उन्हाळ्यांत माझी एक विद्यार्थिनी वही चाळीत होती. तिनें सहज विचारलें, ‘सर, हा नर होता कीं मादी?’ मला उत्तर देतां आलें नाहीं. मग तिनें दुसरा प्रश्न विचारला नाहीं, आणि तें अधिक लागलें.

ही क्षुल्लक गोष्ट आहे, असें कोणी म्हणेल. एका खासगी वहींतील एक ओळ! पण जो प्राणी नाहींसा होत आहे, तो आहे असें खोटें लिहिणें हें इतर खोट्याहून वाईट. लोक अशाच नोंदींवर विसंबतात; ‘आहे ना अजून!’ म्हणून निश्चिंत होतात. बादशहानें मारलेले मोजले. मीं न पाहिलेला मोजला. दोन्ही यादींत प्राणी नव्हता, यादी करणाराच होता. मीं ती ओळ खोडली, पण शाईनें बुजविली नाहीं. एक सरळ रेघ ओढून बाजूला कारण लिहिलें.

ज्यांना यादीचा मुळांतच तिटकारा आहे, ते व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’कडे बोट दाखवितील. त्या पुस्तकाची गोडी किती प्राणी दिसले यांत नाहीं, ते कसे दिसले यांत आहे, हें खरेंच. तसेंच मारुती चितमपल्ली यांचें. सोलापुरांत १९३२ सालीं जन्मलेल्या, याच गांवीं २००६ सालीं भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषविलेल्या, आणि १८ जून २०२५ रोजीं येथेंच दिवंगत झालेल्या या वनाधिकाऱ्यानें ‘पक्षिकोश’ रचून पक्ष्यांचीं नांवें मराठीच्या स्वाधीन केलीं. कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वीणवसतीला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांनीं रूढ केले. त्यांच्यापुढें वहींतली ओळ ती काय! परंतु तिघांचीं कामें निरनिराळीं आहेत. ललितलेखक प्राणी कसा आहे तें दाखवितो, कोशकार तो कोण आहे तें सांगतो. तो अमुक दिवशीं अमुक ठिकाणीं होता कीं नव्हता, एवढेंच यादी सांगते. हें काम रुक्ष आहे, पण तें पहिल्या दोघांच्या वांट्याचें नाहीं.

म्हणून चांगल्या यादीचें लक्षण मला असें वाटतें कीं तींत न दिसल्याचीही नोंद असावी. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी मोजण्याची वनखात्याची जी जुनी रीत, तिच्या तक्त्यांत तासातासाला रकाना असे. शास्त्रीय गणनेला आतां याहून चांगल्या पद्धति आहेत. पण त्या तक्त्यांतील कित्येक तासांपुढचें ‘कांहीं नाहीं’ मला नेहमीं प्रामाणिक लेखनाचा नमुना वाटत आलें आहे. माणूस जागा होता, पाहत होता, आणि त्याला कांहीं दिसलें नाहीं, इतका अर्थ त्या दोन शब्दांत आहे. ‘ई-बर्ड’ या जागतिक नोंदसंग्रहांतही ‘दिसलेले सर्व पक्षी तुम्हीं नोंदविले काय?’ असा प्रश्न असतो. होकार मिळाला तरच यादींत नसलेल्या पक्ष्याविषयीं कांहीं अनुमान करतां येतें. सुमारें तीस हजार हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदींवरून २०२३ सालीं भारतांतील ९४२ पक्षिजातींचा आढावा प्रसिद्ध झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवितां आला, त्यांपैकीं शेंकडा ६० जाती घटल्याचें त्यांत आढळलें. आपापली बेरीज वाढविणाऱ्या हजारों वह्यांतून शेवटीं वजाबाकी निघाली.

असो. जानेवारींत नवी वही उघडणारांना, विशेषतः ज्या घरांत मुलें हा नाद करूं लागलीं आहेत त्या घरांना, माझी सूचना इतकीच कीं नांवाबरोबर दिवस, ठिकाण आणि किती वेळ पाहिलें तें लिहावें. दूर बांधापलीकडे हललेल्या वस्तूला नांव देऊं नये. आणि जे प्राणी पूर्वीं दिसत त्यांचीं नांवें दरवर्षीं आधींच लिहून ठेवावीं, मग पुढचा रकाना भरो वा न भरो. माझ्या यंदाच्या वहींत ‘माळढोक’ हें नांव पहिल्या पानावर आहे. त्यापुढें लिहिलें आहे: ‘नान्नजला सात फेऱ्या. दिसला नाहीं.’