बैलाच्या पाठीवरचा मजकूर

वऱ्हाडातल्या शेतीच्या दैन्यावर गेल्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळ कला झाली. कविता तर मोजूच नयेत. पण चौकात, भिंतीवर, कचेरीच्या फाटकाशी, म्हणजे तिकीट न काढता चारचौघांना दिसेल अशा जागी जे झालं त्याची यादी करायची, तर मी सगळ्यात वर दोन पाट्या ठेवीन. एक शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या डोरलीची, गाव विकायला काढल्याची. दुसरी अमरावती जिल्ह्यातल्या शिंगणापूरची (शनीचं नव्हे हे), किडनी विक्री केंद्राची. दोन्ही २००५-०६ च्या सुमाराच्या. शिंगणापूरकरांनी तर आपल्या केंद्राच्या उद्घाटनाला राष्ट्रपती आणि पंतप्रधानांनाच आवतन धाडलं होतं.

या पाट्यांत रडारड नाही. भाषा बाजाराची, रीत सरकारी. पाहुणे बोलवायचे, फीत कापायची, फक्त माल तेवढा वेगळा. १ जुलै २००६ रोजी मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ते पाट्या वाचून आले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण डोरली आणि शिंगणापूर ही नावं तोवर दिल्लीच्या वर्तमानपत्रांत पोचली होती, आणि ती पोचवायला चार डब्बे रंग पुरला होता.

आता याच्या शेजारी फास ठेवून पाहा. पथनाट्य असो, शाळेची प्रभातफेरी असो, नाही तर गणपतीसमोरचा देखावा. भेगाळलेली जमीन, वाळलेलं झाड, फांदीला दोर आणि खाली पदर तोंडाशी धरलेली बाई ठरलेलीच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पोटात कालवलं असेल. शंभराव्यांदा पाहणारा माणूस दोराकडे बघतो आणि चहाची टपरी शोधतो. शिवाय फास दाखवला की गोष्ट तिथेच संपते. बियाणं कितीला पडलं, चुकारा कधी झाला, बँकेनं कुठल्या कागदासाठी परत पाठवलं, हे विचारायला कुणी उरतच नाही. पाटीनं भाव विचारला होता. फास नुसती हळहळ मागतो.

अमरावतीत हा विषय मांडायला जागांची वाण नाही. जवाहर गेटचा परकोटच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या अमलात तो उभा राहिला, कारण शहरात लुटण्याजोगं काही होतं आणि पेंढाऱ्यांना ते ठाऊक होतं. १८४२ साली इथल्या एकाच व्यापाऱ्यानं लाखभर बैलांच्या पाठीवर लादून कापूस कलकत्त्याला धाडल्याची नोंद आहे. कापसाच्या पैशाची राखण करायला बांधलेली भिंत आजही आहे, आणि तिच्यावर नजर टाकली तर दिसतात वाढदिवसांचे फ्लेक्स. कापूस पिकवणाऱ्याची कहाणी सांगणारं कायमचं एखादं काम या परकोटाच्या अंगाखांद्यावर मला तरी दिसलेलं नाही. स्वच्छ सर्वेक्षणाच्या दिवसांत सरकारी भिंती रंगतात, त्यांवर वाघ, झाडं, कचऱ्याचे डबे आणि हसरा शेतकरी. महामंदीच्या काळात अमेरिकेनंही टपाल कचेऱ्यांच्या भिंती चित्रकारांकडून रंगवून घेतल्या होत्या आणि तिथेही आशादायी चित्रांवरच भर होता. पण निदान ती चित्रं स्पर्धा लावून निवडलेली असत आणि त्यामागे गावाचा स्वतःचा इतिहास असे. आपल्याकडे एकच हसरा शेतकरी अमरावतीतही चालतो आणि अकोल्यातही.

खरा रंगमंच म्हणाल तर कलेक्टर कचेरीचं फाटक. अमरावती आणि अकोला, दोन्ही शहरांत तिथे तूर ओतली गेली, कापूस पेटला, सोयाबीनची होळी झाली. २०१७ साली बच्चू कडूंनी आसूड यात्रा काढली, ती थेट गुजरातेत वडनगरकडे. आसूड हातात घेताना जोतीराव फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा आसूड’ मनात असणार, आणि ते प्रतीक दमदारही होतं. पण फाटकावरची ही कला दिवसेंदिवस कॅमेऱ्यासाठी होऊ लागली आहे. वार्ताहर आले की काडी लागते, फोटो निघाला की घोषणा थांबतात. शेतकऱ्यानं स्वतःचं पीक जाळणं ही केवढी भयंकर गोष्ट. ती नेमाची झाली आणि बोथट झाली.

उरतो पोळा. माझ्या मते वऱ्हाडातली सगळ्यात जिवंत सार्वजनिक कला अजून तिथेच आहे. आदल्या दिवशी खांदमळणी होते, तूप-हळदीनं बैलाचे खांदे चोळले जातात. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, अंगावर झूल. अलीकडे कित्येक जण झूल घालतच नाहीत, कारण पाठ लिहायला लागते. सातबारा कोरा करा, कापसाला भाव द्या, पीकविम्याचं काय झालं. अक्षर मोठं काढावं लागतं, बैलाची कातडी थरथरली की काना हलतो, लाल गेरू घामानं ओघळतो. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात त्याखाली बोली लागत राहिली. असा आकडा पाठीवर आला की भाषणाची गरज राहत नाही. मग तोरणाखाली झडत्या सुरू होतात. एकानं खड्या आवाजात म्हणायची, दुसऱ्यानं तिला वरचढ जोडायची, आणि शेवटी सगळ्या आखरावर हर हर महादेव. पूर्वी तिच्यात महादेव-पार्वती आणि सावकार असत. आता बोंडअळी येते, कर्जमाफी येते, आमदाराचं नावही येतं, तेही आमदार तोरणाजवळ उभा असताना. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांचे पुतळे असंच करतात, पण तिथे चेहरा कागदाचा असतो आणि त्याच दिवशी जळून जातो. झडती म्हणणारा दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहतो.

तिला मर्यादा आहेतच. बैलच कमी होत चालले, ट्रॅक्टरवर अक्षर लिहिता येतं, पण झडतीला समोर जोडी लागते. आणि बाई या खेळात बहुतेक औक्षणापुरतीच असते.

म्हणूनच ‘तेरवं’ हे नाटक महत्त्वाचं वाटतं. श्याम पेठकरांचं लेखन, हरीश इथापेंचं दिग्दर्शन, आणि रंगमंचावर स्वतः शेतकरी आत्महत्याग्रस्त घरांतल्या बाया. दोर इथेही आहे, पण गोष्ट त्याच्या नंतर सुरू होते. दीर, सासू, जमिनीवरचं नाव, कचेरीतला बाबू, पोरांच्या फिया. अभिनय कुठे कुठे कच्चा आहे, सूर हलतात, आणि त्यानं काही बिघडत नाही. या नाटकातल्या वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्याची नामुष्की झाकायला ते झालं असं म्हणणारे होते, आणि ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते. पण त्या दिवशी व्यासपीठावर सगळ्यात सरळ बोलणं त्यांचंच झालं.

तरी ‘तेरवं’ सभागृहात राहिलं. दार लोटून आत यावं लागतं, आणि आत येतो तो आधीच पटलेला माणूस. नवऱ्याची आत्महत्या मदतीला पात्र की अपात्र, हे ठरवणारी समिती कलेक्टर कचेरीत बसते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथेच लोकशाही दिन भरतो, अर्ज घेऊन आलेली माणसं सकाळपासून पायऱ्यांवर बसलेली असतात. अमरावतीत एक, अकोल्यात एक, असे दोन प्रयोग तिथे लावून पाहायला हरकत नाही. प्रेक्षक आयताच आहे आणि साहेबही त्या दिवशी जागेवर असतात.