काळा दागिना आणि घरचे हात

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. घरच्या घरी गॉथिक दागिने! मखमलीची पट्टी घ्यायची, काळी लेस, एखादा क्रूस, कवटीचा मणी. ग्लू गनने चिकटवलं की झाला चोकर. हौस म्हणून यात वावगं काहीच नाही. पण समीक्षा करायची तर विचारावं लागतं, की घरी केल्याने त्या वस्तूत असं काय आलं, जे बाजारात मिळालं नसतं?

या काळ्या दागिन्यांच्या मुळाशी दुखवटा आहे. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारला आणि व्हिक्टोरिया राणीने पुढची ३९ वर्षं, मरेपर्यंत, काळे कपडे सोडले नाहीत. त्या काळात व्हिटबी गावच्या जेटचे दागिने फार चालले. जेट म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं, दगडासारखं झालेलं लाकूड. ज्यांना ते परवडत नसे ते काळ्या काचेचे मणी घालत. त्यांना 'फ्रेंच जेट' म्हणत.

जोडीला गेलेल्या माणसाच्या केसांचे दागिने होते. ते घरी कसे विणावेत याचं पुस्तकच मार्क कॅम्पबेल याने १८६७ मध्ये न्यूयॉर्कला काढलं. केस सोड्याच्या पाण्यात उकळायचे, लांबीप्रमाणे लावायचे, मोजून बटा करायच्या, त्यांना वजनं बांधून विणायचं. एवढा खटाटोप कशाला? तर बाहेर करायला दिले, की तेच केस परत येतील याची खात्री नव्हती! म्हणजे बघा, घरी करणं ही नुसती हौस नव्हती. ते प्रामाण्य होतं.

पुढे १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह क्लब निघाला. त्या सुमाराच्या गॉथ मुलांनी दुखवट्याची खूण उसनी घेतली, हे खरं. पण दुकान देईल तेच घालणार नाही, हा आग्रह त्यांच्या फाडण्या-शिवण्यात होता.

म्हणून मी एक कसोटी लावत असे. ही वस्तू कोणी गुपचूप बदलली, तर काही बिघडेल का? कॅम्पबेलच्या वाचकाचं सगळंच बिघडेल. तयार किटमधून जोडलेल्या चोकरचं काहीच नाही.

ही कसोटी मी परवा नातीला ऐकवली. ती चोकरच शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, मग आजीच्या काळ्या पोतीचं काय?"

आता काय सांगणार? तेही काळ्या काचेचेच मणी. तिकडे दुखवट्याचे, इकडे सौभाग्याचे. ही गेल्यानंतर एकदा ती पोत तुटली. मणी घरभर गेले, काही सापडलेच नाहीत. मी बाजारातून आणून भर घातली आणि स्वतः ओवली. आज त्यातले नवे कोणते, मला ओळखता येत नाही. माझ्या कसोटीला ती पोत उतरत नाही. आणि ती मी टाकणारही नाही.

तेव्हा चूक कसोटीची होती. वस्तू कोणी केली, कशाची केली, एवढ्याने भागत नाही. तुटल्यावर ती पुन्हा ओवावी असं कोणाला वाटलं का, हे पाहायला हवं. किटमधला चोकर असला, आणि डिंक सुटल्यावर कोणी तो सुई-दोरा घेऊन शिवला, तर त्याला दागिना म्हणायला माझी हरकत नाही.

नातीचा चोकर अजून तुटलेला नाही. त्याच्यावरचं मत मी राखून ठेवतो, आणि इथे थांबतो.