बागेत मराठी, ग्लासात भाषांतर

फेब्रुवारीतली पहाट, दिंडोरी तालुका. कपाळाला टॉर्च बांधलेल्या बाया शिराझचे घड तोडून क्रेटमध्ये टाकताहेत; ऊन चढायच्या आत माल वायनरीत पोचला पाहिजे. बागायतदार रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावतो, ‘तेवीस आली’ म्हणतो, आणि तरीही एक मणी फोडून त्यातली बी चावून बघतो. बी हिरवी, कडवट लागली तर थांबायचं. तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली तर तोडायचं. यंत्राला साखर कळते, पक्वता कळत नाही. हाच माल पुढे बाटलीतून येतो तेव्हा त्याच्याबद्दल मराठीत काय छापून येतं? ‘मोहक सुगंध, रेशमी चव, अविस्मरणीय अनुभव.’ साडीच्या दुकानाची जाहिरातही याच शब्दांत होते.

आपल्याकडे द्राक्षावर लिहिणारे कमी नाहीत. द्राक्ष बागायतदार संघाचं ‘द्राक्षवृत्त’ उघडा किंवा ‘अ‍ॅग्रोवन’चं पान: काडी, ओलांडा, भुरी, केवडा, खुंट, प्रत्येक गोष्टीला नेमका शब्द आहे. युरोपातला वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, अशा दोन छाटण्यांवर एक पीक घ्यावं लागतं. दुसऱ्या देशात एवढ्या एका गोष्टीवर कुणी पुस्तक लिहिलं असतं. पण हे लेखन वायनरीच्या फाटकाशी थांबतं. आत शिरल्यावर मराठी गप्प होते, किंवा इंग्रजी माहितीपत्रकाचं भाषांतर करू लागते.

भाषांतरात काय होतं ते कॅबरने सोव्हिन्यॉंच्या वर्णनात बघा. ‘ब्लॅककरंटचा स्वाद’ असं वाचून मराठी वाचकाला आइस्क्रीम आठवतं, कारण ते फळ त्याने झाडावर पाहिलेलंच नाही. कुणी ‘काळी मनुका’ लिहून मोकळा होतो, तर ते वेगळंच फळ झालं. खरं तर जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तो तुरटपणा, कैरीने दात आंबतात तो आंबटपणा, पिकल्या पेरूचा घरभर सुटलेला वास, एवढ्या भांडवलावर नाशिकच्या शेनिन ब्लांकपासून शिराझपर्यंत बरंच काही सांगता येईल. चवीच्या बाबतीत मराठी माणूस एरवी मुका नसतो. पंगतीत मठ्ठ्याला मीठ कमी पडलं तर तो यजमानाला ऐकवतो.

मग लेखक का घडत नाही? पैसा हे उघड कारण. १९४९च्या दारूबंदी कायद्याने राज्यात मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण जाहिरात नाही म्हणून नियतकालिकात सदर नाही, सदर नाही म्हणून मानधन नाही. उरतं ते वायनरीचं आमंत्रण: राहणं-जेवणं फुकट आणि निघताना हातात दोन बाटल्या. त्या घेऊन आलेला माणूस वाइन फसली आहे असं लिहीत नाही. मीही एकदा लिहिलं नाही. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वकिलाने १९७८मध्ये ‘वाइन अ‍ॅडव्होकेट’ काढलं ते जाहिरातीविना, वाचकांच्या वर्गणीवर. त्याच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीने पुढे नुकसानही केलं, पण त्याच्या शब्दाला वजन आलं ते या वर्गणीमुळे.

असा स्वतंत्र लेखक नसल्याची किंमत मोठ्या प्रसंगी मोजावी लागते. २००८च्या मंदीनंतर वाइनची मागणी घसरली, शेतकऱ्यांनी वाइन द्राक्षाच्या बागा उपटल्या. ही बातमी शेतीच्या पानावर आली. वाइनच्या रसिक लेखनात ती मला क्वचितच भेटली. २०२२मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या राज्य सरकारच्या निर्णयावर रान उठलं, तेव्हा एकीकडे शेतकऱ्याचं हित आणि दुसरीकडे संस्कृती. राज्यातलं बहुतेक द्राक्ष खायला आणि बेदाण्याला जातं, वाइनला अगदी किरकोळ, हे साधं वास्तव त्या गदारोळात मागेच राहिलं. ते पुढे आणणं हे अशा लेखकाचं काम होतं.

भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाइन सोनल हॉलंड यांनी ती पदवी २०१६मध्ये मिळवली. परीक्षा अवघड आहे आणि तिचा उपयोगही आहे. पण मराठीत हा पेशा धरू पाहणाऱ्याने परीक्षेची फी नंतर भरावी. आधी एक खरड छाटणी आणि एक गोडी छाटणी बागेत उभं राहून पाहावी, आणि ज्या बाटलीवर लिहायचं ती स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी.