‘लकवा’ या संज्ञेची व्याप्ती आणि मेंदूचे चित्रण

मराठी आरोग्यविषयक लेखनात ‘लकवा’, ‘पक्षाघात’ आणि ‘अर्धांगवायू’ हे शब्द सर्रास समानार्थी म्हणून योजले जातात. ते तसे नाहीत. अरबीत ‘लकवा’ म्हणजे केवळ चेहऱ्याचा वाकडेपणा. अर्ध्या अंगाच्या लुळेपणास तेथे ‘फालिज’ ही निराळी संज्ञा आहे. संस्कृत वैद्यकानेही ‘अर्दित’ व ‘पक्षाघात’ असा भेद केला होता. मराठीत ‘फालिज’ रुळला नाही, ‘अर्दित’ पोथीतच राहिला, आणि दोहोंचा भार एकट्या ‘लकव्या’वर पडला.

हा प्रश्न निव्वळ कोशकाराचा नव्हे. चेहऱ्याचा मज्जातंतू बिघडला असता त्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नाही. मेंदूच्या आघातात कपाळ बहुधा शाबूत राहते. आघात गुठळीचा असेल, तर ती विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तळा तालुक्यासारख्या डोंगरी मुलुखात रुग्णास तत्काळ हलवावे की सकाळची वाट पाहावी, हे घरची माणसे ‘अंगावरून वारे गेले’ एवढ्याच शब्दांच्या आधारे ठरवू लागली, तर त्या अवधीचे काय होईल हे सांगणे नको.

चित्रणाने सारा संशय फिटतो, हा अलीकडील लेखनातील सूरही तपासून घेतला पाहिजे. सी.टी. चित्रात ताजा रक्तस्राव पांढरा दिसतो. परंतु गुठळीच्या आघातात पहिले काही तास तेच चित्र निर्दोष भासू शकते. एम.आर.आय.च्या विसरण-चित्रणात पाण्याच्या रेणूंची खुंटलेली हालचाल लवकर उमटते. तथापि मेंदूच्या मागील भागातील लहान आघात त्यातूनही निसटतात. उलट आकडीनंतर अथवा रक्तशर्करा फार उतरल्यास आघातासारख्याच खुणा दिसू शकतात. शर्करेचा उलगडा मात्र बोटावरील रक्ताच्या थेंबाने होतो. अशा विकारांना ‘आघाताचे सोंग’ म्हणण्याचा मोह टाळावा. आकडीनंतर लुळा पडलेला हात सोंग करीत नसतो. ‘आघातसदृश विकार’ हीच संज्ञा बरी.

सर्वांत मोठी उपेक्षा झाली आहे ती ‘वाचा गेली’ या प्रयोगाची. जीभ जड होणे, शब्द न सापडणे आणि अस्खलित परंतु निरर्थक बोलणे या तीन भिन्न अवस्था होत. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली वाचेचा संबंध मेंदूच्या विशिष्ट भागाशी जोडला, त्यास दीड शतक उलटून गेले. तरीही तिसऱ्या अवस्थेतील रुग्ण घरच्यांना ‘बरळतो’ असे वाटते आणि खरा आघात भ्रमात जमा होतो. रुग्णालयाच्या मराठी नोंदपत्रात या तिन्हींसाठी तीन निराळे रकाने असावयास हवेत.