घंटेची वाट पाहणारी जोडी

माझ्या वर्गात दोन हुशार मुले होती. गृहपाठ तपासायला घेतला, की एक उठून शंका विचारी; तिचे निरसन होते न होते, तोच दुसऱ्याची शंका तयार असे. शंका खऱ्या असत, म्हणून रागावताही येत नसे. तास मात्र संपून जाई. भाच्याने यंदा मला ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा व्हिडिओ गेम दाखवला, तेव्हा त्या जोडगोळीची हटकून आठवण झाली.

निंटेंडोने २००१ साली आणलेल्या या जपानी खेळाचा दिग्दर्शक मसाहिरो साकुराई. झुंज चालते ती अधांतरी मंचावर. मार खाल्ला की अंगावर टक्के चढतात. टक्के जितके अधिक, तितका पुढच्या तडाख्याने गडी दूर उडतो. पडद्याबाहेर गेला, की एक जीव गेला. स्पर्धांतील जोड्यांच्या सामन्यात स्वतःच्या सोबत्याचाही मार लागतो. हा नियम मला फार रम्य वाटतो. शेवटची झेप संपून असहाय कोसळणाऱ्या गड्याला सोबत्याने टोला दिला, तर त्याला पुन्हा झेप घेता येते. मार हाच आधार होतो!

पण सहकार्याला दुसरेही तोंड आहे. सामना आठ मिनिटांचा. वेळ सरली, की ज्याचे जीव अधिक तो जिंकला. मग पुढे असलेल्याने खेळावे कशाला? या खेळात पोपो आणि नाना अशी एक जोडी आहे. (आपल्याकडच्या नानांनी रागावू नये, ही नाना मुलगी आहे.) दोघांना एकच खेळाडू चालवतो. पोपो प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवतो, नाना तालात ठोके देते. ताल चुकला नाही, तर सुटका नाही. या युक्तीला ‘वॉबलिंग’ म्हणतात. पुढे अनेक स्पर्धांनी तिच्यावर बंदीच घातली. पण त्याआधी एक अट रूढ होती : ३०० टक्क्यांपलीकडे ती वेळ काढण्यासाठी लांबवायची नाही.

ही अट घालणारा मला रसिक वाटतो. मागे सरून प्रतिस्पर्ध्याला आपल्याकडे यायला लावणे हा डाव झाला. त्याला उत्तर असते. ३०० टक्क्यांनंतर मात्र शेवट ठरलेला असतो. पुढचे ठोके कोणासाठी? केवळ घड्याळासाठी.

हे लिहिताना मी ओशाळलो आहे. माझ्या एका कादंबरीत नायकाचे मरण ठरल्यावरही मी दोन मित्रांना त्याच्या उशाशी चार प्रकरणे बोलत बसवले होते. एक थांबला की दुसरा बोले. वाचकाला मी नुसता धरून ठेवला होता.

माझ्या वर्गातल्या त्या दोघांच्या शंका निदान खऱ्या तरी होत्या!