कायस
कायस : अमेरिकेतील एक रॉक संगीतवृंद (१९८७–९५). ‘स्टोनर रॉक’ वा ‘डेझर्ट रॉक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकाराचा हा एक आद्य प्रवर्तक होय. कॅलिफोर्नियातील पाम डेझर्ट या वाळवंटी गावी काही शाळकरी मुलांनी तो स्थापन केला. जॉन गार्सिया (गायन), जॉश होमी (विद्युत् गिटार) व ब्रँट ब्योर्क (ड्रम) हे त्याचे प्रमुख कलावंत. बेस गिटार प्रथम क्रिस कॉकरेल व नंतर निक ऑलिव्हेरी यांनी वाजविली. ‘सन्स ऑफ कायस’ हे आधीचे नाव १९९१ मध्ये संक्षिप्त करण्यात आले.

या गावाच्या परिसरात तरुण वादकांना हक्काचे रंगमंच जवळजवळ नव्हते. त्यामुळे ते पेट्रोलवर चालणारी जनित्रे वाळवंटात नेऊन रात्री उघड्यावर वादन करीत. मारिओ लॅली यांच्यासारख्या आधीच्या पिढीतील वादकांनी रूढ केलेल्या या मैफलींत कायसची जडणघडण झाली. तेथे तिकीट नसे, वेळेचे बंधन नसे आणि आवाज परतविणाऱ्या भिंतीही नसत. या वृंदाच्या दीर्घ, सावकाश विस्तारणाऱ्या वादनाचे मूळ या परिस्थितीत शोधावे लागते.

होमी गिटारच्या तारा नेहमीपेक्षा दोन पूर्ण स्वर खाली लावीत आणि बेस गिटारसाठीचे ध्वनिवर्धक वापरीत. त्यातून खर्जातला, जाड व घुमणारा नाद निर्माण होई. एखादी छोटी स्वराकृती पुनःपुन्हा वाजवून तिच्यात सूक्ष्म फरक करीत जाणे, ही त्यांची रीत होती. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश वृंदाच्या जड, संथ शैलीशी तिचे साम्य दिसते. तथापि तिच्यातील रांगडा जोम पंक संगीताकडून आलेला आहे.

रेच (१९९१) ही पहिली ध्वनिमुद्रिका काहीशी कच्ची आहे. ब्लूज फॉर द रेड सन (१९९२) मध्ये निर्माते क्रिस गॉस यांच्या साहाय्याने वृंदाला आपला नाद सापडला. १९९३ मध्ये मेटॅलिका या ख्यातनाम वृंदाबरोबर त्याने ऑस्ट्रेलियाचा दौरा केला. ऑलिव्हेरींच्या जागी स्कॉट रीडर आल्यानंतरची वेलकम टू स्काय व्हॅली (१९९४) ही सर्वांत परिपक्व कृती होय. तिच्यातील दहा रचना तीन सलग खंडांत बांधलेल्या आहेत. सुटे गीत न निवडता संपूर्ण खंड ऐकावा, अशी अपेक्षा त्यामागे दिसते. ‘स्पेस केडेट’ या रचनेतील संयमित वादन पाहता या वृंदाचे सामर्थ्य केवळ मोठ्या आवाजात नव्हते, हे ध्यानात येते. ब्योर्क गेल्यावर आल्फ्रेदो एर्नांदेस यांच्यासह केलेली अँड द सर्कस लीव्हज टाउन (१९९५) ही अखेरची ध्वनिमुद्रिका. त्याच वर्षी वृंद विसर्जित झाला.

गीतरचना ही कायसची दुबळी बाजू आहे. शब्द बहुधा त्रोटक व संदिग्ध असून गायन हे नादाचाच एक घटक म्हणून येते. काही रचनांत एकसुरीपणाही जाणवतो. मादक पदार्थांच्या सेवनाशी संबंध सुचविणाऱ्या ‘स्टोनर’ या विशेषणामुळे मात्र या संगीतामागील वादनशिस्तीकडे दुर्लक्ष होते. स्थळनिदर्शक ‘डेझर्ट रॉक’ ही संज्ञा कायसला अधिक न्याय देणारी आहे.

हयातीत या वृंदाच्या ध्वनिमुद्रिकांचा खप बेताचाच होता. प्रभाव मात्र नंतर वाढत गेला. होमींनी ‘क्वीन्स ऑफ द स्टोन एज’ हा वृंद स्थापून जागतिक कीर्ती मिळविली. स्वीडनमधील डोझर, अर्जेंटिनातील लॉस नातास इ. वृंदांत या शैलीचे पडसाद आढळतात. गार्सिया, ब्योर्क व ऑलिव्हेरी ‘कायस लिव्ह्ज!’ या नावाने पुन्हा एकत्र आले, तेव्हा होमी व रीडर यांनी २०१२ मध्ये गार्सिया व ब्योर्क यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. न्यायालयाने त्या नावाने ध्वनिमुद्रिका काढण्यास मनाई केल्यावर ‘व्हिस्टा चिनो’ हे नाव घेऊन त्यांनी पीस (२०१३) प्रसिद्ध केली. नावाची मालकी अशी वादग्रस्त ठरली, तरी वाळवंटातील त्या मैफलींतून घडलेली शैली तोवर देशोदेशींच्या वादकांची झाली होती.