‘माजी’ होण्याची तारीख : पुनर्भेटीचे माहितीपट आणि नामांतराचा मराठवाडा

पुनर्भेट हा माहितीपटांचा एक स्वतंत्र प्रकारच मानायला हवा. दिग्दर्शक ज्या माणसांना एकदा भेटला, त्यांच्याकडे तो काही वर्षांनी परत जातो. मधल्या काळात राज्य बदललेले असते, कायदा बदललेला असतो, माणसे म्हातारी झालेली असतात. अशा चित्रपटांपुढे एकच प्रश्न असतो : व्यवस्था गेल्यावर तिला वाहून नेणाऱ्या माणसाचे काय होते?

या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश दिग्दर्शक निक ब्रूमफील्ड यांचे दोन चित्रपट. पहिला ‘द लीडर, हिज ड्रायव्हर अँड द ड्रायव्हर्स वाइफ’ १९९१ साली आला. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाची राजवट तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती आणि यूजीन टेरब्लांश हा गोऱ्यांच्या वर्चस्वाचा कडवा पुरस्कर्ता घोड्यावर बसून, स्वस्तिकाची आठवण करून देणाऱ्या चिन्हाखाली सभा गाजवत होता. दुसरा चित्रपट ‘हिज बिग व्हाइट सेल्फ’ २००६ सालचा. दरम्यान एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या लोकांनी मतदान केले होते, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्तही झाले होते आणि टेरब्लांश तुरुंगवास भोगून २००४ मध्ये बाहेर आला होता. पुढे ३ एप्रिल २०१० रोजी त्याच्याच शेतावर त्याचा खून झाला.

हे दोन्ही चित्रपट पाहताना माझ्या मनात सारखा मराठवाडा येत राहिला. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद आणि आपल्याकडचे नामांतर आंदोलन यांची बरोबरी मला करायची नाही. ती करणे अभ्यासाला धरून होणार नाही. पण १९९४ हे साल दोन्हीकडे आहे. तिकडे त्या वर्षी एक राजवट संपली. इकडे १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. तिकडच्या पराभूतांकडे कॅमेरा परत गेला. इकडच्या विरोधकांकडे तसा परत गेलेला चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. असे का, हे शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

नेत्याला सोडून ड्रायव्हरकडे

ब्रूमफील्ड यांची रीत आधी पाहू. पहिल्या चित्रपटात ते नेत्याची मुलाखत मिळवण्यासाठी खेटे घालतात. भेटी ठरतात, मोडतात, नेता भडकतो. या वाट पाहण्यातूनच चित्रपट घडतो. नेता भेटत नाही म्हणून कॅमेरा त्याच्या ड्रायव्हरच्या गाडीत आणि ड्रायव्हरच्या घरात जाऊन बसतो. तिथे जे सापडते ते कोणत्याही जाहीर भाषणात सापडले नसते. चहा देणारी, हसणारी, पाहुण्याची विचारपूस करणारी माणसे त्याच सहज स्वरात काळ्या माणसांविषयी भयंकर बोलून जातात. वर्चस्व हे नेहमी आरोळी ठोकूनच बोलते असे नाही. बहुतेक वेळा ते घरगुती आवाजातच बोलत असते.

दुसऱ्या चित्रपटाची ताकद या जुन्या चित्रणात आहे. पुन्हा भेटलेल्या माणसाला ‘मी तसा नव्हतो’ असे म्हणण्याची सोयच उरत नाही. त्याचा चेहरा आणि त्याचे शब्द फितीवर आहेत.

पण या चित्रपटांची मर्यादाही तिथेच आहे. ब्रूमफील्ड यांचा टेरब्लांश हास्यास्पद होतो. प्रेक्षक हसतो आणि हसणारा प्रेक्षक स्वतःला आपोआप शहाण्यांच्या बाजूला बसवतो. वर्णभेद काही घोड्यावरच्या पुढाऱ्याने चालवला नव्हता. १९४८ पासून निवडून येणारा पक्ष, त्याला मत देणारे सभ्य मतदार, वर्णाची नोंद करणारे कारकून, हद्दी आखणारे अधिकारी यांनी तो चालवला. हे लोक १९९४ नंतर शांतपणे गर्दीत मिसळले. विदूषकाकडे परत जाणे सोपे असते. कारकुनाकडे परत जाणे अवघड असते.

त्या कारकुनासाठी निदान एक दार तरी उघडले गेले होते. डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगापुढे १९९६ पासून सुनावण्या झाल्या. केलेले कृत्य पूर्णपणे सांगितले तर माफी मिळू शकेल, अशी अट होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि माफी साडेआठशेहून कमी जणांना मिळाली. आयोगावर टीका पुष्कळ झाली, आणि ती रास्तही आहे. पण ‘मी केले’ हे वाक्य उच्चारण्याची एक जागा त्याने तयार केली. माहितीपटाला पुढे जी माणसे सापडतात ती या पार्श्वभूमीवर सापडतात. ती ‘माजी’ आहेत, कारण देशाने त्यांची राजवट संपल्याची तारीख जाहीर केली आहे.

एका शब्दाची तडजोड

आता आपल्याकडे येऊ. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे, कडबा, धान्य जाळले गेले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. अत्याचार विरोधी समितीने केलेला अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसते ते असे की, विद्यापीठाची पायरीही न पाहिलेल्या शेतमजुरांना विद्यापीठाच्या नावापायी मार खावा लागला. वाद नावाचा होता, पण रोष होता तो मजुरी मागणाऱ्या, मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारणाऱ्या, पोरांना शाळेत घालणाऱ्या माणसावर.

ठरावाची अंमलबजावणी साडेपंधरा वर्षे लांबली. दरम्यान नागपूरहून लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, माणसे मेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. आणि मग जानेवारीत निर्णय झाला तो ‘नामांतरा’चा नव्हे, ‘नामविस्तारा’चा.

या शब्दाकडे थांबून पाहायला हवे. अंतर म्हणजे बदल. एक नाव जाऊन दुसरे येणे. विस्तार म्हणजे आहे त्यात भर. विस्तारात कोणी हरत नाही. राजकारण म्हणून ही तडजोड समजण्यासारखी होती. तिने रक्तपात टाळला असे मानणारे बरेच आहेत आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. विरोधकांतही सगळे एकाच मापाचे नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगवास सोसलेली माणसे होती, त्यांना ‘मराठवाडा’ हे नाव निजामाविरुद्धच्या लढ्याची खूण वाटे. नोकरीच्या चिंतेत असलेले विद्यार्थी होते. आणि वस्तीवर हातात पलिते घेऊन जाणारेही होते. ‘नामविस्तार’ या शब्दाने तिघांनाही एकाच पांघरुणाखाली घेतले. ज्याने लेख लिहिला तोही सुटला आणि ज्याने घर पेटवले तोही. कोणालाच ‘मी हरलो’ म्हणावे लागले नाही, म्हणून कोणालाच ‘मी चुकलो’ही म्हणावे लागले नाही.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, परभणी, लातूर हा भाग तिकडे गेला. नव्या विद्यापीठाची शैक्षणिक गरज खरीच होती. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, पोचिराम कांबळेंच्या जिल्ह्यातील पदवीधराच्या प्रमाणपत्रावर ज्या नावासाठी ते मेले ते नाव येत नाही. ते येते आमच्या जालन्याच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर.

जळाली आणि जाळली

मी राहतो ते जांब समर्थ. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये येथील मंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा कॅमेरे आले, आणि ऑक्टोबरात मूर्ती सापडल्यावर पुन्हा आले. पुनर्भेट करणे आपल्याला जमत नाही असे नाही. ती कशासाठी करायची हा प्रश्न आहे.

१९७८ साली हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा १९८१ चा. गेल्या काही वर्षांत या परिसरातल्या वयस्कर माणसांशी त्या पावसाळ्याविषयी बोलताना मी मुख्यतः क्रियापदे टिपली. कोणत्या गावात काय घडले याची नोंद करणे हा उद्देश नव्हता. आठवण कोणत्या व्याकरणात राहते ते मला पाहायचे होते. वस्तीतली माणसे म्हणतात, ‘घरं जाळली.’ गावातली माणसे म्हणतात, ‘घरं जळाली.’ लिहिताना दोन्ही शब्दांत काना एकच आहे. तो फक्त एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकतो. पण तेवढ्याने कर्ता नाहीसा होतो. जाळायला माणूस लागतो, जळायला लागत नाही. पुढे विचारले की ‘बाहेरून लोक आले होते’, ‘पोरासोरांचं काम’, ‘तवाचा काळच तसा’ अशी उत्तरे येतात. प्रत्येक गावाला बाहेरून लोक आले असतील, तर ते बाहेरचे लोक राहत कुठे होते?

मराठवाड्यात ‘माजी’ हे एक पदच आहे. माजी सरपंच, माजी सभापती, माजी चेअरमन असे फलक दारोदार दिसतात. एवढ्या माजींच्या प्रदेशात ‘नामांतराचा माजी विरोधक’ मात्र भेटत नाही. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गर्दी लोटते, शहिदांना अभिवादन होते, शाहीर गातात. मार खाल्लेल्यांच्या आठवणीला एक दिवस आहे, एक जागा आहे, गाणी आहेत. मारणाऱ्यांच्या आठवणीला काहीच नाही.

आपले माहितीपट कुठवर पोचले

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा पुनर्भेटीचा आपल्याकडील सर्वांत मोठा प्रयत्न. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले; चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन चौदा वर्षे चित्रण करत राहिले. शोक, गाणे, पक्षांची फाटाफूट आणि न्यायालयाची दिरंगाई ही सारी त्यात आहे. गोळीबाराच्या समर्थनासाठी पुढे केलेल्या टँकरच्या गोष्टीची त्यांनी केलेली चिरफाड तर तपासाचा वस्तुपाठ आहे. तरीही चित्रपटाचा परतीचा प्रवास वस्तीकडे आणि शाहिरांकडे होतो. सहा डिसेंबरच्या गर्दीविषयी नाक मुरडणारी शहरी माणसे त्यात येतात ती एक-दोन वाक्यांपुरती, वाटसरूसारखी. त्यांची घरे आपण पाहत नाही.

स्टालिन के. यांचा ‘इंडिया अनटच्ड’ (२००७) उलट वाटेने जातो. आठ राज्यांत फिरून तो अस्पृश्यता पाळणाऱ्यांनाच बोलते करतो. ती माणसे लाजत नाहीत. वर्तमानकाळात बोलतात. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता १९५० सालीच नष्ट केली, पण हे बोलणाऱ्याच्या लेखी तशी तारीख उगवलेलीच नाही. जो अजून आजीच आहे त्याच्याकडे ‘माजी’ म्हणून कसे जायचे?

म्हणून मला वाटते, आपल्याला ब्रूमफील्डपेक्षा जोशुआ ओपनहायमर जवळचा आहे. इंडोनेशियातील १९६५-६६ च्या कत्तलींवरचे त्याचे दोन चित्रपट, ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ (२०१२) आणि ‘द लुक ऑफ सायलेन्स’ (२०१४), पराभूतांवरचे नाहीत. तिथले मारेकरी समाजात मानाने राहतात. दुसऱ्या चित्रपटात मारल्या गेलेल्या एकाचा धाकटा भाऊ, जो चष्म्याचे नंबर काढतो, मारेकऱ्यांच्या डोळ्यांवर भिंगे बदलत त्यांना शांतपणे विचारत जातो. ‘पश्चात्ताप होतो का?’ असे तो पहिल्याच दमात विचारत नाही. तेव्हा काय केले, कोणी सांगितले, कुठे उभे होते, असे विचारतो. बहुतेक जण चिडतात. एका मारेकऱ्याची मुलगी मात्र बापाचे कृत्य ऐकून हादरते आणि त्याच्या वतीने क्षमा मागते. बापाला जे जमत नाही ते मुलीला जमते, कारण तिला गमवायला कमी असते.

मराठवाड्यावर असा चित्रपट करणाऱ्याकडे जुने चित्रण नसेल. १९७८ साली आमच्या गावांत टीव्हीचे कॅमेरे फिरत नव्हते. त्याला कागदांवर विसंबावे लागेल : अहवाल, वृत्तपत्रांच्या फायली, पोलीस ठाण्यांच्या नोंदी. पुढाऱ्यांच्या मुलाखतींत त्याने फार वेळ घालवू नये. त्यांची वाक्ये घोटून तयार आहेत. ट्रॅक्टर चालवणारा, पिठाची गिरणी चालवणारा, त्या वर्षी सालगडी न ठेवणारा शेतकरी, घरात बसून सगळे ऐकलेली बाई यांच्याकडे जावे. प्रश्न साधे असावेत. गिरणी किती दिवस बंद होती, कोणासाठी? त्या हंगामात खुरपायला कोण आले? रात्री घरी परतल्यावर तुमच्या आईने काय विचारले? हृदयपरिवर्तनाच्या प्रश्नाला माणूस खोटे उत्तर देऊ शकतो. गिरणीच्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे अवघड जाते, कारण दळण घेऊन परत गेलेली बाई अजून त्याच गावात असते.

‘कशाला उकरता, गाव आता शांत आहे’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्यात नुसती लबाडी नसते, भीतीही असते. शेजारी राहायचे असते. पण ही शांतता कोणाच्या गप्प बसण्यावर उभी आहे ते तपासायला हवे. वस्तीतल्या माणसाला रोज त्याच रस्त्याने जावे लागते, त्याच माणसाला राम राम घालावा लागतो, आणि ‘घरं जळाली’ हे वाक्य ऐकून घ्यावे लागते.

ज्यांनी तेव्हा विरोध केला त्यांच्यापैकी अनेकांच्या घरांत आज नातवंडांची पदवी प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली असतील, आणि त्यांवर बाबासाहेबांचे नाव छापलेले असेल. ते नाव घरात कसे आले हे नातवंडाला सांगितले गेले आहे का, एवढे विचारायला तरी कॅमेऱ्याने जावे. १९७८ मध्ये विशीत असलेली माणसे आता सत्तरीच्या आसपास आहेत. काना एक अक्षर मागे नेऊन ‘जाळली’ म्हणू शकतील असे लोक अजून आहेत. पण त्यासाठी त्यांच्या दारात जाऊन कोणीतरी विचारले पाहिजे.